खोबरेल आणि टॉर्क पाना

॥ श्री ॥
पिंगुळी, ता. कुडाळ
८ जून २०२५

चि. श्रुतिका हिस काशीराममामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर माझं 'काय? काय?' ऐकून तुझी आई वैतागते, आणि मोबाइलवरची अक्षरं मला दिसत नाहीत. तेव्हा कागदच बरा. साकीनाक्याच्या गॅरेजात वर्षभर नुसती गिऱ्हाइकांची नावं लिहून घेतलीस, आणि आता कुंडलिकशेठ त्यांच्या स्वतःच्या व्हॅनचे चार स्पार्क प्लग तुला एकटीला बदलायला देणार, हे वाचून मी पडवीत ताडकन उठलो. तुझ्या मामीला वाटलं, साप दिसला. चारही नीट बसले तर एक तारखेपासून तू मेकॅनिक, नाहीतर पुन्हा ती वही. बसतील गो बाय, भाची कुणाची आहेस?

तेवढ्यासाठी टॉर्क पाना घेतलास म्हणे. आकडा लावला की तेवढंच आवळायचं, आणि झालं की तो टक् करून सांगतो. मी गिरणीत फिटर होतो, गिरण बंद पडल्यावर पंचवीस वर्षं घाटकोपरच्या गॅरेजात काढली, सगळं या मनगटावर. मला बोलणारा पाना लागला नाही. बोलला असता तरी आता कुठे ऐकू येतंय!

घेतलाच आहेस तर वापर. पण आपल्याकडे कुठलाही बोल्ट तेलाशिवाय आत जात नाही, हे विसरू नको. तुझ्या भावाबरोबर, देवेशबरोबर, आपल्या नारळांच्या खोबरेलाची बाटली पाठवतोय. प्लगच्या आट्यांवर तेलाचं बोट फिरव, मगच तो आत घाल.

खुशाली कळव, मामीही वाट बघते.
तुझा मामा, काशीराम

॥ श्री ॥
घाटकोपर
२३ जून २०२५

ती. मामांस श्रुतिकाचा कृ. सा. न. वि. वि.

मामा, वाट लागली.

सगळं नीट केलं होतं हो. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबले, प्लगच्या खाचा हवेने फुंकून काढल्या, प्रत्येक प्लग आधी हातानेच फिरवला. पाना पंचवीसवर लावला. पहिले दोन टक्, टक्, एकदम झकास. तिसरा फिरतोय, फिरतोय, आणि मधेच मऊ पडला. टक् आलंच नाही. बाहेर काढला तर त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमचा कीस. आटे गेले.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेवटी गिऱ्हाइकांची वही माझ्यापुढे सरकवली. मामा, मला पुन्हा त्या वहीवर नाही बसायचं. मला इंजिनचंच काम करायचं आहे, दुसरं काही नको. आईला अजून सांगितलं नाही. ती मला दमलेली समजून रोज घावणे खायला घालते आणि मला आणखीच रडू येतं.

माझीच घाई झाली, दुसरं काही कारण नाही. तेल पोचलं, वास छान आहे.

तुमच्या मायेचे आटे तेवढे शाबूत राहू देत.
आपली भाची, श्रुतिका

॥ श्री ॥
पिंगुळी
१ जुलै २०२५

चि. श्रुतिका हिस अ. उ. आ.

खोटं कसं लिहायचं याची आधी मामीकडे शिकवणी लाव. इंजिन थंड होईपर्यंत थांबलीस, खाचा फुंकल्यास, आणि म्हणे घाई झाली!

मी मामीला देवेशला फोन लावायला सांगितलं. आईपासून लपवलंस तरी त्याला तू सगळं सांगितलं होतंस. त्याच्याकडून कळलं की शेठनी तिसरा प्लग हातात घेतला आणि वासावरूनच खोबरेल ओळखलं. तो पंचवीसचा आकडा कोरड्या आट्यांचा. तेल लावलं की सगळं सुळसुळ फिरतं आणि तेवढ्याच आकड्याला कितीतरी जास्त आवळलं जातं. तेल कुणी लावायला सांगितलं असं शेठनी तुला तीनदा विचारलं, आणि तू माझं नाव घेतलं नाहीस. मला राग आला तुझा, आणि नंतर जेवण गेलं नाही.

आता माझं ऐक. माझा हात तेलाला सरावलेला, तुझा पाना कोरड्या आट्यांचा. दोघांना एकत्र बसवलं मी, तू नव्हे. आणि जे तुझ्या मामीलाही माहीत नाही ते लिहितो. घाटकोपरला माझ्या हातूनही आटे गेले आहेत, एकदा नव्हे, चार-पाच वेळा. दर वेळी मी धातू कच्चा निघाला म्हणून मोकळा व्हायचो. धातू चांगला होता.

पाकिटात शेठना चिठ्ठी आहे. न वाचता दे.

हा म्हातारा चुकला, तरी त्याला पत्र लिहीत जा.
तुझा मामा, काशीराम

॥ श्री ॥
घाटकोपर
२० जुलै २०२५

ती. मामांस कृ. सा. न. वि. वि.

शेठनी तुमची चिठ्ठी दोनदा वाचली आणि एवढे हसले की पलीकडच्या गाळ्यातला बाळा वेल्डिंग सोडून बघायला आला. काय लिहिलंय ते मला दाखवत नाहीत, खणात कुलूप लावून ठेवलीय. एवढंच म्हणाले, की तुझ्या मामांनी चूक कबूल केली आणि तू त्यांचं नाव घेतलं नाहीस, या घराण्याला अजून एक संधी द्यायला हवी. गेलेल्या जागी आट्यांची नवी बांगडी बसवली, तीही माझ्याकडून, स्वतः शेजारी उभं राहून.

मग काल पुन्हा चारही प्लग. कोरडे. टक्, टक्, टक्, आणि चौथ्याला मी डोळे मिटून घेतले होते मामा. टक्! एक ऑगस्टपासून मी मेकॅनिक! आईला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग लपवलं म्हणून मला एक धपाटा घातला, मग घावणे.

गणपतीला येताना पाना घेऊन येते. तुमच्या गाडीचे प्लग मी बदलणार. आजवर तुम्ही त्या बॉनेटला कुणाला हात लावू दिला नाहीत, ठाऊक आहे. मला द्याल ना?

मामीला नमस्कार, आणि तुमचा हात डोक्यावर आहेच असं धरून चालते.
आपली (मेकॅनिक) भाची, श्रुतिका

॥ श्री ॥
पिंगुळी
९ सप्टेंबर २०२५

चि. श्रुतिका हिस अ. उ. आ.

तुम्ही गेल्यापासून घर रिकामं वाटतंय. मामी उरलेल्या करंज्या मला संपवायला लावते.

त्या दिवशी आरतीला आलेली सगळी मंडळी गाडीभोवती जमली होती, म्हणून बोललो नाही. आता लिहितो. तू पाना लावलास, आणि मी हट्टाने म्हटलं की मला टक् ऐकू येणार नाही, माझ्या काय कामाचा? तू माझा हात उचललास, दांड्यावर ठेवलास, वर तुझा हात ठेवलास आणि हळूहळू ओढायला लागलीस.

टक् माझ्या तळहातात झालं गो. कानाला नाही, हाताला. मनगटापर्यंत कळलं, की बस, आता थांब.

दहा वर्षं झाली, माझ्याशी जो बोलतो त्याला मी 'काय?' विचारतो, आणि पुन्हा बोलताना त्याचा चेहरा कंटाळलेला असतो. त्या दिवशी पहिल्यांदाच पहिल्या खेपेला समजलं. उरलेले तीन मी तुला लावू न देता स्वतःच का आवळले, ते आता कळलं असेल.

गाडी मस्त चाललीय. तुझी खोबरेलाची नवी बाटली देवेशकडे दिलीय, केसांना लाव.

सुखी राहा, आणि पुढच्या खेपेला पाना विसरू नको.
तुझा मामा, काशीराम