सहीवरची रेघ

माय, सध्या मी लोकांच्या सह्या बघते. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं शिकून शेवटी हेच करायचं होतं का. पण ही नोकरी नाही. नोकरी संपून दोन वर्षं झाली. इथे ओटावात निवडणूक आली की टपालाने आलेली मतं तपासायला थोड्या दिवसांपुरती माणसं लागतात, आणि घरात बसून बसून माझं डोकं फिरायला लागलं होतं. म्हणून अप्लाय केलं आणि त्यांनी घेतलं. सकाळी डबा घेऊन बस पकडते. वसंत आलाय म्हणतात, पण रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ अजून तसाच आहे. बसच्या काचेला डोकं टेकलं की मी अर्धी इथे असते आणि अर्धी तुझ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, जिथे तू पन्नास पोरींच्या भाकरी थापायचीस आणि मी पाटावर बसून गृहपाठ करायची.

कामाची जागा म्हणजे एक लांबच लांब हॉल. खिडक्या इतक्या उंचावर की बाहेरचं काही दिसत नाही, नुसता उजेड खाली येतो आणि दिवसभर टेबलांवरून सरकत राहतो. माणूस आपलं मत एका पाकिटात घालतो, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि बाहेरच्या पाकिटावर सही करतो. मतपत्रिका मागवायला त्याने आधी एक फॉर्म भरलेला असतो, त्यावरही सही असते. दोन्ही सह्या एकाच हाताच्या आहेत का, एवढंच आम्ही बघायचं. नसतील तर पाकीट बाजूला जातं. ते मग कोणी उघडत नाही, आतलं मत मोजलं जात नाही. एका टेबलावर दोघी बसतो. माझी जोडीदारीण इथली फ्रेंच बाई आहे, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. प्रत्येक पाकीट हातात घेताना ती त्याला हळूच ‘बोंझूर’ म्हणते, म्हणजे नमस्कार. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. आता तिने कधी म्हटलं नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

दुपारनंतर त्या सह्या अक्षरं राहत नाहीत गं. माणसं होतात. कोणी घाईत निघालेला, कोणी स्वतःच्या नावावर खूश, कोणी पहिल्या अक्षरानंतर थबकलेला, मागून कोणी हाक मारल्यासारखा. डोळे जड होतात, आणि तू दोन टेबलांच्या मधून येताना दिसतेस. कोपरापर्यंत पीठ. ज्वारीचं.

तुझी सही त्या पिठातच तर झाली. प्रौढांच्या वर्गात तुला नाव लिहायला शिकवलं, पण वर्ग आठवड्यातून दोनदा आणि पाटी एकच. म्हणून तू भाकरी झाल्या की परातीत उरलेलं पीठ हाताने सारखं करायचीस आणि बोटाने नाव काढायचीस. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. सगळी अक्षरं आधी सुटी सुटी. मग तू श्वास रोखून धरायचीस आणि डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढायचीस. मी एकदा म्हटलं, माय, सहीला रेघ नसली तरी चालतं, आमच्या बाईसुद्धा मारत नाहीत. तू म्हणालीस, ‘रेघ नाही तं अक्षरं खाली पडतीन.’ ओल्या कपड्यांना दोरी लागते तशी तुझ्या नावाला ती रेघ लागायची.

माझ्या प्रगतिपुस्तकावर तू पहिली सही केलीस तेव्हा मी पाचवीत होते. शाळेत आयांची रांग होती. सहामाहीला पुन्हा रांग, पुन्हा सही. वार्षिकच्या वेळी मी तुला निरोपच दिला नाही. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे बसून तुझं नाव मीच लिहिलं. हुबेहूब लिहिलं, मला येतच होतं. फक्त घंटा झाली आणि रेघ राहिली.

बाईंनी बघता क्षणी ओळखलं. शिपाई पाठवून तुला बोलावून घेतलं. तू हात न धुताच आलीस, आणि सगळा वर्ग माना वळवून बघत होता. बाईंनी प्रगतिपुस्तक तुझ्यापुढे धरलं आणि विचारलं, ही सही तुमची का. तू खूप वेळ बघितलंस. मला वाटलं आता गेले मी. मग तू बाईंचा पेन मागितलास.

‘सही माहीच हाये बाई,’ तू म्हणालीस. ‘घाईत रेघ राह्यली.’

आणि तू माझ्या लिहिण्यावर तुझी रेघ ओढलीस. कागदाला पीठ लागलं, ते बाईंनी फुंकून टाकलं. तू कधी खोटं बोलत नव्हतीस, तेवढं एकदाच बोललीस. घरी येताना निम्मा रस्ता तू हाताचं पीठ पदराला पुसत चाललीस. मग म्हणालीस, ‘माहं नाव लिवशीन तं पुरतं लिव.’ आणि थोडं पुढे गेल्यावर, रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं, ‘मार्क तं चांगले होते. मंग काहून?’

मी दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पुढे चालू लागले.

काल एक पाकीट आलं. फॉर्मवरची सही देवनागरीत, आडवीतिडवी, प्रत्येक अक्षर वेगळं बसवलेलं, आणि वर डावीकडून उजवीकडे रेघ. पाकिटावर तेच नाव, पण सुबक, सलग, झरझर लिहिलेलं. रेघ नाही. जोडीदारीण म्हणाली, ही तुझी लिपी आहे, तूच सांग. म्हाताऱ्या माणसांचे हात बदलतात, तिने स्वतःहून जोडलं. तिच्या मनात पाकीट घ्यायचं होतं. पण म्हातारा हात बदलला तर थरथरतो, तरुण होत नाही.

मला ते सगळं दिसलं. एक स्वयंपाकघर, टेबलावर पाकीट, आणि लेक म्हणतेय, दे इकडे, मी करते, तुला वेळ लागतो. माझी लेकसुद्धा कुरियरवाल्याच्या फोनवर माझ्या नावाची सही बोटाने फराटून मोकळी होते. ‘मॉम, इट्स फाइन, कोणी बघत नाही,’ म्हणते. मी बघते ना. ‘घाईत रेघ राहिली’ एवढं म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं.

मग मला तुझं मतदान केंद्र आठवलं. मी कॉलेजात होते तेव्हाचं. ठेवणीतलं लुगडं नेसून तू गेलीस, आणि आतला माणूस म्हणाला, तुमचं मत होऊन गेलं, ही बघा सही. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, ‘हे माही सही नोहे. रेघ कुठं हाये?’ रांगेतले लोक हसले. त्या दिवशी तू जेवली नाहीस. माहं नाव कोणी नेलं, एवढंच म्हणत राहिलीस.

‘हात एक नाही,’ मी जोडीदारणीला सांगितलं. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो, हा हात माझ्या ओळखीचा आहे. ती दचकली. मतदाराला ओळखत असलो तर आम्ही त्या पाकिटाला शिवायचंसुद्धा नसतं. मी म्हटलं, मतदार नाही, फक्त हात. आमच्या वरची बाई आली, तिने दोन्ही सह्या बघितल्या, शेरा लिहिला आणि पाकीट बाजूच्या ट्रेमध्ये ठेवलं. कुठेतरी एक म्हातारी आपण मत दिलं म्हणून निवांत बसली असेल. तू माझी बाजू घेतली होतीस. मी काल तिची बाजू घेतली की तिचं मत घालवलं, ते मला अजून कळत नाही, आणि ते विचारायला तू नाहीस म्हणून फार एकटं वाटतं.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवीन. तू असताना हे सांगायला मला कितीतरी वर्षं होती. फोनवर आपण पाऊसपाण्याचं बोलायचो, डाळीच्या भावाचं बोलायचो, आणि तू परत कधी ‘काहून’ विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल पोरगी विसरली. मी विसरले नव्हते. मार्क चांगलेच होते, माय. सही करायला तू फार वेळ लावायचीस, मागे बाकीच्या पोरांच्या आया खोळंबायच्या, आणि मला तुझी लाज वाटली होती.