बाकावरची चाचणी

३ जुलै, गुरुवार

यादीत आलो! कुणीतरी 'इतकी वर्षं होऊनही न बिघडलेली चॅनेल' अशी यादी केली आहे आणि तीत आमचं कुलपांचं चॅनेल आहे. वर जुने पूल बघत फिरणारा एक म्हातारा, खाली मातीची भांडी करणारी एक बाई, मधे आम्ही. शेजार बरा मिळाला. यांनी ती यादी सकाळपासून इतक्यांदा उघडली की फोन तापला. मग दिरांचा फोन, मग यांच्या शाळासोबत्याचा. सगळ्यांचा एकच प्रश्न — रहस्य काय? हे सगळ्यांना सांगतात, "मेहनत आणि सातत्य." मेहनत आणि सातत्य असलेली ढीगभर चॅनेल बुडताना मी पाहिली आहेत.

रहस्य खिडकीजवळच्या बाकावर बसून मटार सोलत होतं.

४ जुलै

लिहूनच ठेवते, सांगणार कुणाला! हे वर्कशॉपमध्ये अडकलेलं जुनं कुलूप उघडतात, दुरुस्त करतात, नवी किल्ली घासून बसवतात. चित्रण मी करते, कापतेही मीच. बोलणं कमी, संगीत नाही, कानशीचा आवाज तेवढा. कापून झालं की गुरुवारी चहानंतर सासूबाईंना दाखवायचं. आईंना कुलपातलं ओ की ठो कळत नाही — म्हणूनच दाखवायचं. बाकावर त्या, शेजारी रिमोट घेऊन मी, मागे नखं खात उभे हे. आई म्हणाल्या "इथे लांबलंय," की तो तुकडा गेला. "हे काही खरं नाही" म्हणाल्या, तर अख्खा व्हिडिओ गेला. कुलूप परत अडकवायचं आणि पहिल्यापासून चित्रण! मी काही सुचवलं तर हे म्हणतात, "तू छान कापतेस. पण ठरवायचं आईनं."

बरं. मला कुठे हौस आहे?

पूर्वी आई बघताबघता माझ्यावरही खेकसायच्या. "पाय हलवू नकोस गं, बाक डुगडुगतो!" हल्ली नाही खेकसत. वयानं माणूस मवाळ होतं.

८ जुलै

यादी बघून एका कंपनीची बाई आली. तुरुतुरु चालते, तशीच बोलते; तेच नाव ठेवलं तिला. आमचं चॅनेल कंपनीला चालवायला हवंय. आठवड्याला तीन व्हिडिओ, मागे दणदणीत संगीत, सुरुवातीला यांचा आ वासलेला चेहरा. "लोकांना धीर नसतो हो!" — हे तिनं दोन बिस्किटांच्या मधे सांगितलं. करार एकदा झाला की मग मागे फिरता येणार नाही.

दीर म्हणाले, "दादा, आता तरी मोठा हो." यांच्या डोळ्यांपुढे नवीन वर्कशॉप. मग म्हणाले, "त्यांच्या पद्धतीचा एक नमुना करू. आई ठरवेल."

मला ते नको आहे. लिहिलं. झालं.

१० जुलै

नमुन्याचं चित्रण. यांना आ वासता येत नाही. दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखे दिसतात.

१५ जुलै

आईंनी कपात ओतायचा चहा बशीच्याही बाहेर ओतला. नको नको म्हणत असताना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आधी त्यांच्यावर रागावल्या. "मोतीबिंदू पार पिकलेत, आजी! इतकं कशाला थांबलात?" मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पडद्यावर त्यांना उजेड हललेला कळत असेल, बाकी काही नाही. दोनेक वर्षं तरी."

दोन वर्षं! मागच्या वर्षी जहाजावरच्या पेटीचं कुलूप त्यांनी नापास केलं होतं. आम्ही दोघांनी कुरकुरत पुन्हा केलं, आणि लोकांनी तेच सगळ्यात जास्त डोक्यावर घेतलं. मग आईंनी काय पाहिलं होतं?

टॅक्सीत विचारलं, "आई, तुम्हाला व्हिडिओ दिसतच नव्हते?"

"लागेल तेवढं कळत होतं," म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडे केलं. मग म्हणाल्या, "ऑपरेशनचं सांग त्याला. बाकीचं राहू दे."

१६ जुलै

इकडे आड, तिकडे विहीर. यांना सांगितलं तर आईंच्या शब्दाला किंमत उरणार नाही, म्हणजे तुरुतुरु घरात. नाही सांगितलं तर नवऱ्याला फसवतेय. सांगितलं नाही. भाजी करपली.

१७ जुलै, गुरुवार

नमुना दाखवला. दीरही आले होते. किल्ली घासायला घेतली न घेतली तोच कुलूप उघडतं, मग ढँण्ण! मी भिंतीकडे बघत बसले.

आई म्हणाल्या, "हे काही खरं नाही."

"पूर्ण बघ तरी!"

"बघितलं."

दीर हसले. "आईला काय कळतंय यातलं?" हे एकदम उसळले, "तिलाच कळतं!" मला इतकी लाज वाटली की रिमोट ठेवून कप विसळायला गेले. विसळलेलेच कप.

जेवताना हे म्हणाले, "ऑपरेशन होऊ दे. नीट दिसायला लागलं की पुन्हा दाखवू. तेव्हा म्हणेल ते शेवटचं." मी मान डोलावली. दुसरं काय करणार! आईंनी आणखी एक पोळी मागितली, जणू गोष्ट दुसऱ्याच घरातली.

२९ जुलै

एक डोळा झाला. दुपारी पट्टी निघाल्याबरोबर आईंना घरातली जळमटं दिसली. मग मी. "तुझे केस पिकले की गं! कधी?" हात धरून मला उजेडात नेलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं.

५ ऑगस्ट

दुसरा डोळा. तुरुतुरुचा फोन — "आजींचं झालं का हो?"

१४ ऑगस्ट, गुरुवार

तोच नमुना पुन्हा. आई पापणी न लवता बघत होत्या. यांचा आ वासलेला चेहरा आला तेव्हा टाळी वाजवली — "अगोबाई! किती छान दिसतोस रे!" शेवटी म्हणाल्या, "मला तर सगळंच आवडलं. काय ते रंग!"

यांचा हात फोनकडे गेला. संपलं, मी मनात म्हटलं.

"थांब," आई म्हणाल्या. "मला नको विचारूस. मला आता भिंतीवरची पालसुद्धा सुंदर दिसते. दोन वर्षं मला दिसत नव्हतं काही. हिला कंटाळा आला की हिचा पाय हलतो नि बाक डुगडुगतो. त्यावरून सांगायचे मी. मागच्या वेळी तर माझी कवळी वाजत होती. आत्तापण बघ."

यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मीही पाहिलं. हलत होता.

यांनी फोन खाली ठेवला. बाकासमोर येऊन उभे राहिले. "तू सांग. कसं आहे?"

"हे काही खरं नाही," मी म्हटलं.