मुआरच्या मैदानातला पंच

सिंगापूर, ९ जानेवारी

ती. ताचीस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

बसवाल्याबरोबर पाठवलेला, पानात भाजलेल्या माशाच्या ओताकचा पुडा पोचला. पानं जरा करपली होती, पण मासा उत्तम. आमच्या सौ. गिओक निओने शेजारी वाटायला काढून ठेवला होता, तो मी शेजाऱ्यांच्या आधी संपवला.

एक बातमी आहे. गेल्या महिन्यातल्या होल्यांच्या आवाजाच्या स्पर्धेत माझ्या हातून घोटाळा झाला. वर काठ्यांवर पिंजरे चढलेले, खाली मी गुण देत फिरतोय, आणि डोक्यात काय, तर गॅस बंद केला की नाही. परिणामी ज्या होल्याने सकाळभर चोच उघडली नव्हती त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले. त्याचा मालकसुद्धा ओशाळला. आमचे मुख्य पंच हाजी सुलोंग यांनी मला बाजूला नेऊन चहा पाजला आणि प्रकृतीची चौकशी केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात विद्यापीठाची जाहिरात दिसली. निरोगी माणसांची एकाग्रता वाढवता येते का, याचा प्रयोग चालू आहे. डॉक्टर अझलीना नावाच्या तरुण बाई आहेत. डोक्याला टोपी घालतात, कपाळावर ओले स्पंज लावतात आणि त्यातून अगदी बारीक वीज सोडतात. मुंग्या चावल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही. समोर पडद्यावर एक होडी असते. मन स्थिर असेल तोवर ती पुढे जाते. भरकटलं की जागच्या जागी डुलते. अर्ध्या लोकांच्या टोपीत वीज नसतेच म्हणे, पण कोणाच्या, ते शेवटी सांगणार.

आधी तपासणी झाली. मी पूर्ण निरोगी आहे असं बाईंनी सांगितलं आणि मी ते इमारतीतल्या सगळ्यांना सांगितलं. गिओक निओचं म्हणणं, एवढी वर्षं या माणसाला न ऐकण्याखेरीज दुसरा कसलाच त्रास नव्हता; त्यावर काही निघालंय का ते विचारून या.

तुझी तब्येत सांभाळ आणि माझ्यावरचा राग ओताकवर काढत राहा.
तुझा,
चुआन

मुआर, २० जानेवारी

चि. चुआन यास,
अनेक आशीर्वाद, उपयोग झाला नाही तरी.

तुझ्या डोक्यात वीज सोडतात हे वाचून काळजी वाटली, मग वाटलं की कधीतरी कोणीतरी सोडायलाच हवी होती. लहानपणी आई तुला सोयाबीनचं दूध आणायला पाठवायची आणि तू दुसऱ्याच्या अंत्ययात्रेबरोबर चालत जायचास. तेव्हा ही टोपी असती तर आपण किती दूध प्यायलो असतो.

इथे ठेल्यावर धंदा बरा आहे. गिऱ्हाईक काय मागतं ते मी ओठांवरून ओळखते. मास्क लावून कोणी आलं की दहा ओताक बांधून देते आणि त्याच्या तोंडाकडे न बघता पुढच्याकडे वळते. आजवर कोणी परत केले नाहीत.

आता कामाचं. जोहोर बारूच्या डॉक्टरांनी माझे कान तपासले. साध्या यंत्राचा उपयोग राहिला नाही, पण शस्त्रक्रिया करून कानामागे, आत, एक उपकरण बसवता येईल म्हणाले. मार्चमध्ये करायचं म्हणतात. तुझे दाजी असते तर प्रश्न नव्हता. आता सोबतीला घरचं कोणीतरी हवं. तू चार रात्री येशील का? मला भीती वाटते असं नाही, पण डॉक्टर काय बोलतात ते ऐकायला कोणीतरी हवंच ना. मला ऐकू येत असतं तर मी तिथे गेलेच नसते.

चिनी नववर्षासाठी अननसाची बिस्किटं करते आहे. गिओक निओला आशीर्वाद. तुझी आठवण काढणारी,
ताची

सिंगापूर, १४ फेब्रुवारी

ती. ताचीस,
सा. न., आणि या खेपेस अगदी मन लावून, वि. वि.

बिस्किटं मिळाली. पत्रही मिळालं. मास्कवाल्या गिऱ्हाइकांचा किस्सा मी अझलीनाबाईंना सांगितला, त्या खूप हसल्या.

तुला काय सांगू, होडी पळायला लागली! पहिल्या आठवड्यात ती धक्क्यालाच बांधल्यासारखी होती. मी तिला ढकलायचा प्रयत्न करायचो; बाई म्हणाल्या, ढकलू नका, नुसतं बघा. आता बसलो की समोरची होडी तेवढी उरते. खोलीत कोणी आलं-गेलं कळत नाही. परवा बाईंनी दोनदा हाक मारली म्हणे.

घरीही फरक आहे. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, त्यात जहाजांच्या वेळाही आल्या. सकाळी खिडकीत बसून समोरच्या इमारतीतला एकच होला ऐकतो. त्याच्या आवाजाची सुरुवात, मधला ठेका, शेवटची लांबण, सगळं वेगवेगळं दिसतं. दिसतं असंच म्हणावंसं वाटतं. गिओक निओ कुरकुरते की पूर्वी मी तिचं ऐकत नव्हतो तेव्हा निदान मधूनमधून हं म्हणत होतो. आता तेही बंद झालंय.

मेमध्ये तुमच्या मुआरच्या मैदानात मोठी स्पर्धा आहे. हाजी सुलोंगनी मला एक संधी द्यायचं कबूल केलंय. माझी पंचगिरी राहते की जाते ते तिथे ठरणार. दाजींनी मला होले ऐकायचा कान दिला, तो त्यांच्याच गावात वाया जाऊ द्यायचा नाही.

तू काहीतरी विचारलं होतंस. माशाचा भाव ना? इथेही वाढलाय.
लोभ पूर्वीसारखाच ठेव, वाढवलास तर माझी हरकत नाही.
चुआन

मुआर, २६ फेब्रुवारी

चि. चुआन यास,
आशीर्वाद आहेतच.

होडीचं ऐकून आनंद झाला. मी माशाचा भाव विचारला नव्हता. मुआरमध्ये मासा मीच विकत घेते, सिंगापूरचा भाव मला कशाला?

विचारलं होतं ते पुन्हा विचारते, आणि तुला सापडावं म्हणून वेगळ्या ओळीत लिहिते:

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जोहोर बारूला माझी शस्त्रक्रिया आहे. तू येशील का?

जमत नसेल तर नाही म्हण. ‘नाही’ मला वाचता येतं.

ताची

सिंगापूर, ११ मार्च

ती. ताचीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी होल्याच्या आवाजाच्या जुन्या फिती ऐकत होतो. नंतर वाचावं म्हणून पत्र टेबलावर ठेवलं आणि आता ते जागेवर नाही. गिओक निओने कुठेतरी आवरून ठेवलं असणार. ती आली की विचारतो.

ती परवा पिशवी भरून कोणा नातेवाइकाकडे गेली आहे. कोणाकडे ते तिने सांगितलं होतं, पण मी तेव्हा फितीच्या अगदी महत्त्वाच्या जागी होतो. भात आणि उकडलेली अंडी करून गेली आहे. खरं सांगू का, घरात इतकी शांतता आहे की माझा सराव कधी नव्हे इतका सुरेख चाललाय. कालच्या बैठकीत होडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही थांबली नाही. अझलीनाबाई म्हणाल्या, त्यांच्या सगळ्या मंडळींत माझा आलेख सर्वांत चांगला आहे.

मेमध्ये मैदानावर भेटूच. तुझा ठेला नेहमीच्या जागी, झाडाखालीच ना?
प्रकृतीची काही कुरकुर असेल तर मोकळेपणाने कळव.
तुझा,
चुआन

सिंगापूर, ५ मे

ती. ताचीस,
सा. न. वि. वि. पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण तू मैदानात होतीस, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

तुला लांबून काय दिसलं असेल कोण जाणे. माझ्याकडे वीसेक काठ्या होत्या. पंचाने सगळ्यांखालून फिरायचं, कान मोकळा ठेवायचा, जो बोलेल त्याला टिपायचं. मी दोन नंबरच्या काठीखालीच थांबलो. तिथला होला काही बक्षिसाच्या लायकीचा नव्हता. आवाज बारीक, शेवट तुटका. पण एकदा त्याच्याकडे लक्ष गेलं आणि ताची, बाकीचं मैदान पुसलंच गेलं. त्याच्या दोन हाकांमधली जागासुद्धा मला ऐकू येत होती. मला वाटलं मी तिथे थोडाच वेळ उभा आहे. मग खांद्यावर हात पडला आणि हाजी सुलोंग हळूच म्हणाले, "चुआन, बाकीच्या काठ्यांवरही पक्षी आहेत."

फेरी संपली होती. माझ्या हातातल्या कागदावर एकाच पक्ष्याचे गुण होते. माझ्याच वाट्याच्या काठ्यांत बातू पाहात गावचा तो नावाजलेला होला होता, जो त्या दिवशी दाजींनीही उठून ऐकावा असा बोलला म्हणतात. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो आणि मला तो ऐकूच आला नाही. मालक ओरडला, त्याचं चुकलं नाही. माझा पंचाचा बिल्ला हाजींनी तिथेच काढून घेतला, पण काढताना माझी कॉलर नीट केली.

तुझ्या ठेल्याशी आलो, तुला हाक मारली, दोन ओताक खाल्ले आणि बस पकडली. 

काल प्रयोगाचा निकाल कळला. गिओक निओची खात्री होती की माझी टोपी रिकामी असणार. नव्हती, वीज होती, आणि मी पहिला आलो. अझलीनाबाईंना मी मैदानातली हकिगत सांगितली. त्यांनी माझा आलेख पुन्हा काढून बघितला. मग म्हणाल्या, आम्ही एकाच गोष्टीवरचं लक्ष मोजलं, बाकीच्या गोष्टींचं काय होतं ते आम्ही मोजलंच नाही. बाई प्रामाणिक आहेत. त्यांनी मला प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर माझं नाव चुकीचं छापलंय.

तुझा,
चुआन

मुआर, १२ मे

चि. चुआन यास,
आशीर्वाद, या वेळी खरोखरीचे.

बिल्ला गेला त्याचं वाईट वाटलं. मी ठेल्यावरून सगळं बघत होते. तू मान वर करून उभा होतास, आणि इतका सुखात दिसत होतास की मी गिऱ्हाइकाला म्हटलं, तो माझा भाऊ.

आता मी सांगते ते बसून वाच. तू ठेल्याच्या मागून येऊन मला हाक मारलीस आणि मी वळले. सहा वर्षांत मी पाठीमागच्या हाकेला वळलेली नाही. माझ्या कानामागे करंगळीएवढं यंत्र चिकटलेलं होतं, केस कापलेले होते. तू माझ्यासमोर उभा राहून दोन ओताक खाल्लेस.

शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली. गिओक निओ आली होती. तुझ्या टेबलावरचं माझं पत्र तिने वाचलं, तुला सांगितलं आणि तू हं म्हणाला नाहीस तेव्हा पिशवी भरून निघाली. मीच तिला म्हटलं, आता त्याला बोलू नकोस, मैदानातली स्पर्धा होऊन जाऊ दे. ती चार रात्री माझ्याजवळ होती. डॉक्टर जे बोलायचे ते पाटीवर लिहून दाखवायची, आणि खाली स्वतःचं मतही लिहायची.

यंत्र एप्रिलच्या शेवटी चालू केलं. वाटतं तसं नसतं रे. माणसं कढईत तळल्यासारखी बोलतात. ऐकायचं पुन्हा शिकावं लागतं म्हणे. समोर बसून रोज कोणीतरी शब्द वाचायचे आणि मी ओळखायचे, महिनोन्‌महिने. तुला आता रविवार मोकळे आहेत. येशील का?

वेगळ्या ओळीत लिहिलेलं नाही. बघू सापडतं का.

ताची

मुआर, ८ जून

सौ. गिओक निओ हिस,
सप्रेम नमस्कार. आशीर्वाद द्यायची माझी पत सध्या नाही.

मी इथे बरा आहे. सकाळी ताचीबरोबर पानं पुसतो, मासा भरतो. दुपारी धंदा उतरला की आम्ही समोरासमोर बसतो. तिला ओठ दिसू नयेत म्हणून मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो आणि एकेक शब्द वाचतो. मी पाऊस म्हणतो, ती फणस म्हणते. पुन्हा पाऊस, पुन्हा फणस. कंटाळा येत नाही, हे मात्र अझलीनाबाईंच्या पदरात टाकलं पाहिजे. पण नुसतं शब्दाकडे बघून चालत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. ती दमली की डोळे मिटते, गिऱ्हाईक येतं, निखाऱ्यावर ओताक करपतात, आणि हे सगळं मीच बघायचं असतं. दोन वेळा करपवले. तिने दोन्ही वेळा मलाच खायला लावले.

काल शेजारच्या पिंजऱ्यातला होला बोलला. ती पान गुंडाळता गुंडाळता थांबली आणि तिने हा कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने तो संपेपर्यंत ऐकला. मग म्हणाली की दाजी एवढ्याशासाठी रविवारचे रविवार घराबाहेर राहायचे का. मला हसू आलं, आणि पाहिलं तर ती रडत होती.  मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

मार्चमध्ये तू कुठे होतीस ते मला ताचीकडून कळलं. तरी तुझ्याकडून ऐकायचं आहे. बसमध्ये जागा मिळाली का, रात्री कुठे झोपलीस, जेवणाचं काय केलंस, पाटीवर काय काय लिहिलंस. सविस्तर लिही. मी सगळं वाचीन.

तुझा,
चुआन

सिंगापूर, १५ जून

सा. न.

खुर्चीवर झोपले. भात थंड होता. बाकीचं कागदावर मावणारं नाही. महिनाअखेरीस याल तेव्हा सांगेन, आणि मधूनमधून हं म्हणा.

ताचींना नमस्कार.

गिओक निओ