बेमालूम सांधा

३ मार्च
सासऱ्यांना शब्द दिला. त्यांच्या पटाश्या ठेवायला पेटी मीच करणार. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. आता जेमतेम उजेड-अंधार कळतो, आणि हत्यारं प्लास्टिकच्या पिशवीत. बघवत नाही. खिळा एकही मारायचा नाही. फळ्या एकमेकींत अडकवायच्या, चारही कोपरे सांध्यात. बायको हसली. हसू दे.

५ मार्च
सासऱ्यांकडून सांध्यांची नावं लिहून घेतली. पारव्याची शेपटी, कोल्ह्याची पाचर, पाखराची चोच, हंसाची मान. सुतारकाम आहे की जंगल! पेटीला पारव्याची शेपटी, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारे दाते, दुसऱ्या फळीच्या खाचांत बसणारे. पण आधी नावं पाठ. पाया पक्का हवा.

११ मार्च
नावं तोंडपाठ. ऑफिसात सगळ्यांना ऐकवली. हेडक्लार्क हल्ली मला बघितलं की दुसऱ्या जिन्याने जातात. करवत उद्यापासून नक्की.

१९ मार्च, संध्याकाळी
पहिली शेपटी कापली. पारव्याची सोडा, उंदराचीही वाटेना. फळीचा दोष. थोडा हवेचाही. सासऱ्यांनी आतून विचारलं, झाली का? म्हटलं, होतच आली. इतक्या सहज कसं खोटं बोललो, कुणास ठाऊक.

२७ मार्च
सहा फळ्या वाया. आज सासऱ्यांनी पिशवीत हात घातला आणि करंगळी कापून घेतली. पट्टी बांधताना मला त्यांच्याकडे बघवेना. आता थांबण्यात अर्थ नाही. बारीक खिळे ठोकले, वर पुट्टी, पॉलिशपेपर. मग प्रत्येक कोपऱ्यावर पेन्सिलीने शेपट्या काढल्या. सुबक आल्या. ही फसवणूक नव्हे, सजावट. शिवाय त्यांना कुठे दिसतंय?
हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं.

२८ मार्च
पेटी दिली. सासरे कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. विचारलं, कुठला सांधा? पारव्याची शेपटी, म्हणालो. पुन्हा अंगठा. चारही कोपरे. मग म्हणाले, माझ्या सांध्याची रेघ बोटाला थोडी तरी लागायचीच. ही लागतच नाही. डोळे भरून आले त्यांचे. बायकोने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या सगळं खरं सांगणार. सकाळीच.

२९ मार्च, सकाळी सहा
खोलीचं दार उघडलं तर सासरेच उभे. हातात करवत, काखेत फळी. म्हणाले, जावईबापू, रागावणार नसाल तर एक विचारू? मला शिकवाल का हे? बोटं अजून शाबूत आहेत माझी.
मी म्हटलं, रविवारी बसू.