उडीचं बटण

७ जाने., मंगळवार
बी.पी. ठीक. ह्यांना उठवलं, तोंड धुवून दिलं, पेज दिली. व्यायाम नाही. "फाल्यां करूया गो." हे फाल्यां, म्हणजे उद्या, आठवडाभर चाललंय. ऑगस्टात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची मूठ मात्र वळली ती वळलेलीच. दाबायला दिलेला चेंडू खाटेखाली. ह्यांच्यापेक्षा मांजराने तो जास्त वापरलाय.

निवृत्तीनंतर वाटलं होतं, सकाळची घाई संपली. आता साडेपाचला उठते. शाळेत रोज टाचण लिहायची सवय, म्हणून हे लिहिते. तपासायला कोणी नाही, तेवढं एक सुख.

१२ जाने., रवि.
प्रकाश आला होता. माझा विद्यार्थी, चौथी ब. आता समुद्राकडे होम-स्टे चालवतो, केस पिकले. वाटलं, ह्यांची तब्येत विचारायला आला. तेवढं विचारून झालं आणि मुद्द्यावर आला. माळ्यावर अण्णांचे, म्हणजे ह्यांचे, व्हिडिओ गेमचे जुने डबे आहेत का? त्याला पाहुण्यांसाठी एक खोली सजवायचीय. जुना रेडिओ, जुनी कॅलेंडरं आणि "आमच्या टायमाचे" गेम.

"बाई, आमच्या वयाची माणसां ह्या बघून येडी होतत. आता तसले डबे खंय गावतत?"

मी म्हणणार होते, घेऊन जा बाबा, माळा तरी मोकळा होईल. तेवढ्यात खाटेवरून आवाज. "बंद डबो मी कोणाक देवचंय नाय. चालू करून देतलंय."

आणि हे उठून बसले. कोणी न उठवता.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिळगूळ विकतचा. कोण करत बसणार.

मालवणहून स्नेहल आली, महिन्याने येते ती फिजिओ. कोल्हापूरची पोर, चांगली आहे, पण बोलते फटकळ. "काकू, जो हात वापरणार नाही तो मेंदू विसरून जातो. सोपं आहे." डब्यांचं सांगितलं तर खूश. कशाच्या का निमित्ताने होईना, काका हात लावतील.

१६ जाने., गुरु.
माळा. ह्या वयात शिडी चढले. गुडघ्यांनी नोंद घेतली. जुन्या चादरीत गुंडाळलेले पाच डबे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी, वायरींचा गुंता. झुरळांची अंडी. खेळायच्या एका रिमोटवर च्युइंगम, दगड झालेलं.

हे बघून हसले. मला राग आला, जुनाच, तसाच्या तसा.

तिठ्यावरचं ह्यांचं ते व्हिडिओ गेमचं दुकान माझ्या शाळेपासून दोनशे पावलांवर. मी फळ्यावर अपूर्णांक लिहायचे आणि मागची दोन बाकं रिकामी. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, हजेरी घरीच पाठवून देऊ का? पोरं तुमच्याकडेच आहेत." स्टाफरूम हसायची. मी पण हसायचे. मग मधल्या सुट्टीत जाऊन कान धरून पोरं आणायची, आणि हे गल्ल्यावर बसून म्हणायचे, "घेवन जा गो, तुझीच आसत." किती वर्षं! संध्याकाळी घरी मी ह्यांच्याशी बोलायचे नाही. ह्यांना ते कळायचंसुद्धा नाही.

२० जाने., सोम.
दुरुस्ती चालू. म्हणजे हे खाटेवर बसून सांगतात आणि मी करते. खाऱ्या हवेने कॅसेटच्या पितळी दातांवर हिरवं चढलंय. ते खोडरबराने घासायचं. माझ्या कपाटात पोरांकडून जप्त केलेले खोडरबर एक पिशवीभर. आज अकरा कॅसेटी घासल्या. दुपारी सोल्डरिंग. बोट भाजलं.

"हळू गो, पापड भाजूक नाय घेतलंस."
"मगे तुमीच करा."

बोलून गेले. हे वळलेल्या हाताकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रकाश एक नवा डबा दाखवून गेला. हल्ली जुन्यासारखा दिसणारा नवा निघालाय, सगळे गेम आतच भरलेले. ह्यांनी उलटापालटा करून बघितला. "हेका कॅसेट खंय घालूची?" घालायचीच नाही म्हटल्यावर परत दिला. प्रकाश म्हणे नवाच परवडतो, बिघडत नाही, पण पाहुण्यांना जुना धरून बघायचा असतो. धरून बघायचा आणि फोटो काढायचा.

२६ जाने., रवि.
झेंडावंदनाला गेले. तासभर ह्यांना शेजारच्या वहिनींवर सोपवून. माजी विद्यार्थी म्हणून पाच-सहा बाप्ये जमलेले, टकलं, पोटं. पाढे कोणी आठवत नव्हतं, मी तरी त्यांना आठवत होते की नाही देव जाणे. सगळे अण्णांच्या दुकानाचंच बोलत होते. फुंकर मारून कॅसेट कशी चालायची, पाळी यायची वाट बघत खिडकीत कसं उभं राहायचं.

एकाला विचारलं, आता चालू करून दिला तर खेळशील? म्हणाला, "टाइम खंय आसा बाई." मग तोच म्हणाला, "पण चालू करा. चालू व्हये."

ह्याचा अर्थ काय लावायचा? खेळायचं नाही, पण चालू हवं. बंद पडलं ते काही कोणी गळा दाबून बंद पाडलं नाही. नवं आलं, मोबाइल आले, पोरं मोठी झाली, बनवणाऱ्यांनी बनवणं सोडलं. तसं ते मेलेलं बरं होतं. आता माझ्या बोटाला फोड. येताना सुरमई घेतली नाही, भाव ऐकून बांगडे घेतले.

१ फेब्रु., शनि.
एक डबा चालू झाला!

पाचातले दोन कायमचे गेलेत, दोन अजून बघायचेत, एक लागला. पिवळी वायर टीव्हीत खुपसली, चित्र थरथरलं, मग स्थिर, आणि ते संगीत. तेच. मला वाटलं होतं कपाळ दुखेल. दुखलं नाही.

बंदुकीचा गेम मात्र नव्या टीव्हीवर चालत नाही. पक्ष्याला कितीही गोळ्या मारा, तो उडतोच आहे. हे म्हणाले, खोक्याचा टीव्ही लागतो, पाठीला कुबड असलेला. आता तो कुठून आणायचा. त्यापायी आणखी एक मेलेलं उठवायचं.

मग पळण्याचा गेम लावला. एक बुटका पळतो, खड्डे येतात, उडी मारायची. डाव्या अंगठ्याने पळवायचं, उजव्याने उडी. ह्यांचा बुटका काय पळाला! डावा अंगठा तीस वर्षांपूर्वीचाच. खड्डा आला आणि गेला खाली. पुन्हा पळाला. पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी ह्यांचा चेहरा रडवेला झाला, तो मला बघवत नाही, म्हणून मी शेजारी बसले आणि उजवं बटण दाबलं.

बुटका पलीकडे.

"दाब गो! दाब! आता!" मी दाबत राहिले. आम्ही दोघं एका रिमोटवर.

५ फेब्रु., बुध.
रोज दुपारी जेवणानंतर तासभर. चौथ्या पातळीपर्यंत पोचलो. मला वेळ कळायला लागलीय. हे नुसतं "हं" म्हणतात आणि मी दाबते. मुग्धाचा मुंबईहून फोन. "आई, तू? तू गेम खेळतेस?" पोरगी हसायची थांबेना. लहानपणी तिला दुकानात पाऊल टाकू दिलं नव्हतं मी.

खरं लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही. मला आवडतंय. लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतका वेळ खांद्याला खांदा लावून आम्ही कधी बसलो नव्हतो. मी शाळेत, हे दुकानात. नंतर शाळा सुटली, दुकान सुटलं, तरी मी पडवीत आणि हे खाटेवर.

९ फेब्रु., रवि.
चेंडू आज सापडला, कपाटामागे. ह्यांना दिला नाही. खेळून दमलेले असतात. मीही दमते. व्यायामाचा तगादा लावायचा नाही म्हटल्यावर घर किती शांत.

१३ फेब्रु., गुरु.
स्नेहल आली. मी उत्साहाने सांगितलं, सहावी पातळी. ती ह्यांची मूठ उघडत होती, उघडता उघडता थांबली. गेल्या महिन्यापेक्षा घट्ट. मधलं बोट सरळच होईना, हे ओरडले.

"काका, खेळता ना रोज?"
"खेळतंय तर."
"मग उडी कोण मारतं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी चहा ठेवते म्हणून उठले तर ती मागोमाग आत. हळू बोलली, पण बोलली. काकू, तुम्ही त्यांचा हात होऊन बसलात. त्यांना स्वतःचा लागेनासा झालाय. हात सुधारायला अजून दोन-तीन महिने आहेत, त्यात जे येईल ते येईल. नंतर अवघड. खेळू दे, पण तुम्ही दाबायचं नाही. पडू दे त्यांना.

मी म्हटलं, मास्तरीण होते मी, मला हे कळायला हवं होतं. पोरांची गणितं मी कधी सोडवून दिली नाहीत. ती म्हणाली, पोरं आणि नवरा वेगळं असतं काकू. बावीस-तेवीसची आहे. लग्न व्हायचंय.

१४ फेब्रु., शुक्र.
सांगितलं. सरळ सांगितलं, मी आता दाबणार नाही. आधी हसले. खेळायला बसले, पहिल्याच खड्ड्यात गेले, माझ्याकडे बघितलं. मी हललेच नाही. रिमोट भिरकावला तो भिंतीवर.

"काढ ती वायर. प्रकाशाक सांग, सगळे घेवन जा म्हणून."

वायर काढली. रिमोटचा कोपरा फुटलाय, चालतो.

१८ फेब्रु., मंगळ.
हे चार दिवस भिंतीकडे तोंड करून. आंघोळ कशीबशी. मला कंटाळा आलाय. ह्यांचा नाही. हो, ह्यांचाही. कोणाला सांगायचं हे.

प्रकाश रिक्षा घेऊन आला. ह्यांनी शेजारच्या वहिनींना फोन करायला लावला असणार. बरोबर खोके पण आणलेले. मी चार डबे दिले, मेलेले दोन आणि अर्धवट दोन. पाचवा दिला नाही.

"बाई, माका चालू होतो तोच व्हयो."
"माकापण तोच व्हयो."

इतका मोठा बाप्या, पण चौथीत ओरडा खाल्ल्यावर बघायचा तसा बघितला माझ्याकडे. मग खोके उचलून ठेवले. म्हणाला, मेलेले असले तरी चालतील, काचेच्या कपाटात ठेवीन, कोणाला कळणार. निघताना दारात रेंगाळला. "अण्णा आमका कधी हाकलूक नाय. पैसे संपले तरी बघूक बसवूचो." मला हे माहीत नव्हतं. मी फक्त कान धरून आणायला जायचे.

हे आतून सगळं ऐकत असणार. 

२१ फेब्रु., शुक्र.
आंब्याला मोहर बरा आहे. बी.पी. वर. डॉक्टरांनी गोळी अर्धी वाढवायला सांगितली. पाचवा डबा टीव्हीखाली ठेवलाय, वर क्रोशाचा रुमाल घालून. हे बघतात तिकडे, मग छपराकडे बघतात.

मुग्धा म्हणते, हट्ट सोड आई, ह्या वयात कशाला, जेवढं होतंय तेवढं बस. तिचंही खरं असेल. डब्यांसारखंच हे. उठवायचं कोणासाठी, ह्यांच्यासाठी की मला सोसवत नाही म्हणून? रात्रीपर्यंत एक उत्तर असतं, सकाळी पेज भरवताना दुसरं.

२४ फेब्रु., सोम.
दुपारी भांडी घासत होते. "जोड गो ती वायर."

जोडली. रिमोट मांडीवर दिला. ह्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक सोडवली, चांगली पाच मिनिटं गेली, आणि अंगठा बटणावर नेऊन ठेवला.  बुटका पळाला. खड्डा. खाली.

पुन्हा. खाली. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलेली. अंगठा बटणावर आहे, पण दाबत नाही, किंवा दाबतो तेव्हा बुटका केव्हाच खाली गेलेला असतो. सातव्या की आठव्या वेळी माझ्याकडे वळले. रागाने नाही.

"एकदा दाब गो. एकदाच."

अडतीस वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे असं काही मागितलेलं मला आठवत नाही. माझा हात मांडीखालून अर्धा बाहेर आलाच होता.

उठले. चहा ठेवते म्हटलं. आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेरून ऐकू येत होतं. पडल्याचा सूर, पुन्हा सुरू झाल्याचं संगीत. पडल्याचा सूर. पुन्हा संगीत. चहा उतू गेला, पुसला, परत ठेवला. हे मला हाक मारत नव्हते. मारली असती तर गेले असते.

मधे एकदा बराच वेळ पडल्याचा सूर आला नाही. वायर सैल झाली असेल. मी बघायला गेले नाही.