संगिनीच्या टोकावरचा ठिपका

रोह्याच्या सखाराम काकांना,

नमस्कार राहू द्या. तुमच्या शोकेसमधलं बाबांचं सेना पदक पीओपीचं आहे, मे महिन्यापासून.

आईनं कासू गावात दुसरं लग्न केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता ती आपली नाय, पदक घराण्याचं हाय." पण बाबा गेल्यावर पदक आईच्या हाती दिलं, कागदावर नाव तिचंच आहे. शाळा सातवीत सोडली तरी तेवढं मला वाचता येतं.

मी तेव्हा पेणजवळ जोहे गावात गणपतीच्या मूर्ती घासायच्या कामावर होतो. त्याआधी धरमतरला बार्जवर होतो, तिथली गंमत वेगळीच, पण ते नंतर. फोटो काढायचाय म्हणून तुमच्याकडून पदक नेलं आणि त्याचा साचा काढला. रंग मालूताईनं दिला. ती गणपतीचे डोळे आखते. म्हणाली, "बिनडोळ्याचं मी हातावेगळं करत नाय."

"हे देवाचं नाय गो ताय, बाबांचं हाय."

तरी तिनं पदकावरच्या संगिनीच्या टोकाला, बुबुळात देतात तसा पांढरा ठिपका दिलाच.

तो तुम्हाला अजून दिसला नाही. पंधरा ऑगस्टला तेच लावून झेंड्याखाली उभे राहिलात, तेही डाव्या छातीवर, जणू गोळी तुम्हीच खाल्ली. नातेवाइकानं उजवीकडे लावायचं असतं, काका.

खरं पदक आईकडे आहे. हातात घेतल्यावर तिनं आधी त्याच्या कडेची जुनी खाच चाचपली.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. एक दिवस घामानं कोटाला रुपेरी रंग लागेल, तेव्हा कळेलच. मग खुशाल पोलिसांत तक्रार करा. पदक कुणाच्या नावावर आहे, हेच पहिलं विचारतील.

दर्शनाचा मुलगा,
जितेश