पर्सीच्या दुकानातलं जेवण

योकोहामा बंदर,
नोव्हेंबर १८९३

प्रिय व्हेरोनिका,

आमची आगबोट सुखरूप इथे पोचली आहे आणि मी धडधाकट आहे. एवढं आयला मोठ्यानं वाचून दाखव. पुढचं मात्र तू एकटीनं वाच. नंतर आयनं विचारलंच तर सांग, की अँब्रोजनं नुसतं खाण्यापिण्याचं लिहिलंय. ते काही अगदी खोटं होणार नाही.

खालच्या बंदरात आपल्याकडच्या कापसाच्या गासड्या उतरवताहेत. साहेब लोक गावात गेलेत, त्यामुळे माझी चूल थंड आहे. डेकवर ऊन आहे, पण वारा असा की बोटं वळत नाहीत. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. निघताना तू म्हणालीस, दादा, तिकडे लोक काय जेवतात ते बघून ये. आय आत गेल्यावर हळूच दुसरंही सांगितलंस, इतकी वर्षं पत्र नाही, माझ्या नवऱ्याचा कुठे पत्ता लागतो का बघ. त्या दुसऱ्या कामासाठी मी बंदरातल्या कचेऱ्यांत हिंडलो, इथल्या देवळातल्या फ्रेंच पाद्रीबाबांना भेटलो, टेकडीवरची परदेशी लोकांची कबरस्तानंही फिरलो. आपल्याकडचं एक नाव कुठे दिसलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, नाव मिळालं नाही हे बरंच झालं.

मग जेवणाचा विषय निघाला. बोटीवरच्या पोरांना गाईच्या मांसाची इथली कढई खायची होती. ती कुठे चांगली मिळते म्हणून मी एका चिनी शिंप्याला विचारलं. हा शिंपी पूर्वी मुंबईत फोर्टात होता, मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलतो. तो म्हणाला, मोठ्या रस्त्यावरची दुकानं साहेबांसाठी आहेत, तिथे नुसता थाट. लाकडी पूल ओलांडा, खाडीकाठानं जा, बांबूला पांढरं कापड आणि त्यावर तांबडी अक्षरं दिसतील, तिथे बसा. तिथला मांस कापणारा तुमच्याच मुलखाचा आहे, त्याच्यासारखं पातळ कोणी कापत नाही. पोरं हसली. मला हसू आलं नाही. मी त्यांना दुसरीकडे पाठवलं आणि त्या पुलाकडे एकटाच गेलो.

बाय, ती खाडी अगदी आपल्या चेंदणीच्या खाडीसारखी दिसते. तसाच चिखल, तशीच होडी कलंडलेली. दारात जोडे काढायचे आणि गवताच्या चटईवर मांडी घालून बसायचं. समोर निखाऱ्यांची शेगडी आणि तिच्यावर उथळ लोखंडी कढई. आधी तिला चरबी पुसतात, मग कांद्याच्या पातीचे जाड तुकडे, मग विड्याच्या पानाएवढ्या पातळ मांसाच्या चकत्या, वरून सोयाबीनचा काळा खारट रस आणि साखर! मांसात साखर ऐकून तू नाक मुरडशील, पण चव अशी, की मी स्वयंपाकी असून बोटं चाटली. शिजेल तसं ज्यानं त्यानं कढईतूनच उचलायचं. माझ्या शेजारचा म्हातारा नुसता भात खात होता. त्याच्या लहानपणी हे मांस पापच होतं म्हणे, आता त्याची नातवंडं ओढून आणतात. आपली आवडाबाई कोळीण नाताळात आपल्याकडे हे मांस शिजतं म्हणून दारावरून तोंड फिरवून जाते आणि तरी दुसऱ्या दिवशी आयसाठी बोंबील ठेवते, तसंच त्याचं दिसलं.

मी दुसरा घास उचलला आणि पडद्याआडून गुणगुणणं ऐकू आलं. तुझ्या लग्नात नवरीच्या आंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला आपण विहिरीवर निघालो होतो, तेव्हा वाजंत्र्यांनी जी चाल धरली होती, तीच. मी उठून पडदा सारला. पर्सी होता. अंगात इथल्या लोकांसारखा निळा झगा, डोक्याला फडकं, केस कानाशी पिकलेले. हातातली सुरी तशीच राहिली. तो म्हणाला, "अँब्रोज, एवढ्या लांब जेवाला आयलास काय रं?"

मी त्याला मारलं नाही, व्हेरोनिका. मारायलाच हवं होतं असं तुला वाटेल. मलाही वाटत होतं. पण तो माझ्या पायाशी बसला आणि त्यानं पहिला प्रश्न तुझा विचारला. मग विचारलं, लुर्दसला कुठे पुरलं.

पोर गेल्याचं त्याला ठाऊक होतं. तो बोटीवर नोकरीला चढला तेव्हा तू पोटुशी होतीस. पोर झाली, तिचं नाव तू लुर्दस ठेवलंस, हे तुझं पत्र त्याला हाँगकाँगला मिळालं. ते त्यानं सगळ्या बोटीला वाचून दाखवलं होतं. तिच्या पहिल्या वाढदिवसाआधी ताप आला आणि ती गेली, हे पत्र इथे मिळालं. त्याच आठवड्यात त्याला पटकी लागली. बोट त्याला किनाऱ्यावर टाकून निघून गेली. या दुकानाच्या मालकाच्या मुलीनं, ओताकीनं, त्याला पेज पाजून जगवलं. "बरा झालू तवा उत्तर लिहाला बसलू," तो म्हणाला, "पण काय लिहू? माझी पोर मी बघितलीच नाय. बघितलीच नाय तिच्यासाठी व्हेरोनिकासमोर रडू कसा?" आज लिहीन, उद्या लिहीन असं करता करता दिवस गेले. मग ओताकीला दिवस गेले.

त्यांना मुलगी आहे. मी तिला पाहिलं. याहून जास्त मी तुला लिहीत नाही.

ओताकी आमच्यासाठी कढई घेऊन आली. चांगल्या चांगल्या चकत्या निवडून माझ्या वाटीत टाकत होती, मला इथल्या जेवायच्या दोन काड्यांनी उचलता येईना तर तोंडावर हात ठेवून हसत होती. तिनं पर्सीमार्फत विचारलं, तुमच्या गावी आणखी कोण कोण आहे? पर्सीनं तिला काहीतरी लांबलचक सांगितलं. ती माझ्यापुढे वाकली. मी त्याला विचारलं, काय सांगितलंस? तो खाली बघून म्हणाला, "तू माझ्या आळीतला दोस्त हाईस, एवढंच. मला बायकू हाय ह्ये तिला ठावं नाय." मी तिच्यावर रागवायची तयारी करून बसलो होतो, बाय. तो रागही मग कुठे ठेवावा कळेना. मी खाली मान घालून वाटी संपवली.

निघताना तो पुलापर्यंत आला. कोपरीच्या सिल्वेस्टरबद्दल मीच त्याला सांगितलं. म्हटलं, बायको गेल्यापासून एकटा आहे, सरळ माणूस आहे. त्यानं तुझ्यासाठी मागणी घातली आणि तू, माझा नवरा जिता असेल तर, एवढंच म्हणून त्याला परत पाठवलंस. पर्सी कठड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "घरी सांग, पर्सी पटकीनं मेला. पाद्रीबाबांसमोर तू साक्ष दे, ते तुझं ऐकतील. तिला मोकळी कर रं, अँब्रोज. मी आता येवाचा नाय." आणि मी हो म्हणालो. त्याच्या गळ्यात पडलो, त्याला शेवटचं बघून घेतलं आणि बंदरावर आलो.

बोटीवर येईपर्यंत माझं ठरलं होतं. कुठे मेला, कसा मेला, कोणी माती दिली, सगळं मनात रचून झालं होतं. पण मग ते ऐकल्यानंतरची तू डोळ्यांसमोर आलीस. काळं नेसून तळ्याकाठच्या आपल्या देवळात मेणबत्ती लावणारी, दरसाल त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगणारी, लुर्दसच्या कबरीशेजारी त्याच्या नावाचा रिकामा क्रूस रोवणारी. आणि तो इथे पातीचा कांदा चिरतोय. पाद्रीबाबांना मी फसवीन, देवापुढे काय ते माझं मी बघीन. पण तू त्याच्यासाठी रडत असताना तुझ्या पाठीवरून हात फिरवणं मला जमणार नाही. गप्प राहिलो असतो तर पाप माझ्या एकट्याचं होतं. आता हे सांगून मी अर्धं तुझ्या पदरात टाकतोय, हे मला कळतं. तरी तुझा जन्म तुझा आहे. तो त्यानं आणि मी एका पुलावर उभं राहून ठरवावा, हे मला पटलं नाही.

म्हणून हे लिहिलं. वाचलंस की चुलीत घाल. आमची बोट कार्निव्हलच्या सुमाराला, फेब्रुवारी लागता लागता, मुंबईला लागेल. तिथून मी तार करीन आणि दुपारच्या गाडीनं ठाण्याला उतरेन. तू स्टेशनावर ये. सवाशिणीचं लाल लुगडं नेसून आलीस, तर मला पर्सी कुठे सापडलाच नाही, आणि मरेपर्यंत कोणी विचारलं तरी मी तेच सांगेन. विधवेचं काळं नेसून आलीस, तर त्याला मी माझ्या हातानं पुरलंय, बायबलावर हात ठेवून तसं म्हणेन, आणि पुढे तू मोकळी. मी तुला काही विचारणार नाही, आयसमोर नाही, एकांतातही नाही. काय नेसायचं त्याचा विचार कर, हवा तेवढा वेळ घे. पण ये, बाय. न येता घरी बसू नकोस.

तुझाच दादा,
अँब्रोज